काळ्या तंतूवरची झिलई

माझ्या टेबलाच्या खणात, फोटोच्या फिल्मच्या एका जुन्या डबीत, दोन काळे तुकडे ठेवलेले आहेत. दोन्ही बोटाच्या पेराएवढे, हातात घेतले तर कोळशासारखे हलके. पहिल्याचं तुटलेलं टोक जुन्या केरसुणीसारखं आहे. शेकडो तंतू कमीजास्त लांबीवर तुटून बाहेर आलेत, आणि बोट फिरवलं की कुसळ लागावं तसे टोचतात. दुसऱ्याचं टोक पाटी मधोमध मोडावी तसं सपाट. दोन्हीत कार्बनचा तंतू तोच, भट्टी तीच, तंतूंच्या मधली जागा भरणारं सिरॅमिकही तेच, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. फरक एवढाच, की तंतूच्या अगदी अंगालगत एकात एक थर होता आणि दुसऱ्यात दुसरा. एक तंतू सात मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा. पहिल्या तुकड्यात त्याच्या अंगावर बसवलेला थर त्याहून कितीतरी बारीक, मायक्रॉनच्या दोन दशांशाइतका.

मी धातुशास्त्र शिकले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं या काळ्या तंतूंबरोबर काढली. कार्बन फायबरचा इतिहास सांगताना तंतू कुणी शोधला, विमानात कुणी घातला, हे सगळे सांगतात. त्याच्या अंगावरच्या थराबद्दल क्वचितच कुणी बोलतं. माझं म्हणणं असं, की तंतू मिळाला तेव्हा या धंद्यातलं निम्मंच काम झालं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे तो तंतू शेजारच्या पदार्थाला किती घट्ट धरेल हे ठरवणं, आणि ते ठरतं या थरावर.

कार्बनचा तंतू हवेत तापवला की जळतो, हे एडिसनलाही ठाऊक होतं. 1879 मध्ये त्याने कापसाचा दोरा जाळून केलेला कार्बनचा तंतू दिव्यात घातला, आणि तो टिकावा म्हणून काचेच्या फुग्यातली हवा काढून टाकली. तंतूचं पहिलं संरक्षण ते. पण पोकळीतल्या तंतूला कुणाला धरून ठेवायचं नसतं, त्यामुळे जोडाचा प्रश्नच त्या वेळी आला नाही.

तो आला ऐंशी वर्षांनी. 1958 मध्ये ओहायोतल्या पार्मा इथे युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकनला विजेच्या ठिणगीखाली ग्रॅफाइटचे केसासारखे धागे सापडले. त्यांची ताकद पोलादाच्या कित्येक पट होती. लगोलग जपानमध्ये, ओसाकाच्या सरकारी संस्थेत, आकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकच्या, म्हणजे आपल्या स्वेटरच्या कृत्रिम लोकरीच्या जातीच्या धाग्यापासून कार्बनचा तंतू काढला. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963च्या सुमारास तोच धागा भाजताना ताणून धरला. आतले कार्बनचे पापुद्रे त्यामुळे धाग्याच्या दिशेने सरळ रांगेत बसले आणि तंतू खऱ्या अर्थाने कणखर झाला.

अडचण सुरू झाली ती नेमकी इथे. पेन्सिलीचं शिसं कागदावर का उमटतं? ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून. तंतू जितका जास्त भाजावा आणि ताणावा, तितके हे पापुद्रे त्याच्या पृष्ठभागाशी समांतर, गुळगुळीत बसतात. म्हणजे तंतू जितका ताठ, तितकं त्याचं अंग निसरडं. रेझिनमध्ये बसवलेले असले तंतू लांबीच्या दिशेने ओढले तर पोलादाला भारी, पण आडवा जोर आला की थरावरून थर घसरून वेगळे होत. मग तंतूला नायट्रिक आम्लात बुडवणं, गरम हवेतून फिरवणं, वीज सोडलेल्या द्रावणातून नेणं असे उपाय आले. त्यांनी त्याची कातडी किंचित खरखरीत झाली, तिच्यावर ऑक्सिजनचे गट बसले आणि रेझिनने तंतू धरला.

तो धरला, तेव्हा नवीच गोष्ट कळली. फार घट्ट धरला, तर अख्खा पदार्थ ठिसूळ होतो. एका तंतूला तडा गेला की तो शेजारच्या रेझिनमधून थेट पुढच्या तंतूत शिरतो, अजिबात न थांबता. याचं उत्तर कागदावर आधीच लिहिलं गेलं होतं. 1964 मध्ये जे. ई. गॉर्डन आणि जॉन कुक यांनी गणिताने दाखवलं, की पुढे सरकणाऱ्या तड्याच्या टोकाशी, त्याच्या वाटेत आडवा जोड असेल आणि तो मूळ पदार्थाच्या सुमारे एक पंचमांश ताकदीचा किंवा त्याहून कमजोर असेल, तर तडा येऊन पोचण्याआधीच तो जोड उघडतो. तडा त्या फटीत वळतो, बोथट होतो आणि थांबतो. पुढे मी जे जे कोटिंग केलं, त्याच्या मागे हा एक पंचमांश उभा होता. दमदार पदार्थात मुद्दाम एक दुबळी जागा ठेवायची. घरात मोठ्या भांडणाआधी कुणीतरी बाजूला व्हावं, तशी.

विमानाच्या धंद्यात या तंतूने पहिला मोठा धक्का दिला तो रोल्स-रॉइसला. त्यांच्या आरबी 211 इंजिनासाठी पंख्याची पाती कार्बन तंतूची केली होती. 1970च्या पक्षी-आघाताच्या चाचणीत ती टिकली नाहीत, टायटॅनियमकडे परतावं लागलं, आणि इंजिनाचा एकूण खर्च इतका वाढला, की फेब्रुवारी 1971 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. रेझिनमधल्या तंतूची गोष्ट मी इथेच सोडते. ती पुढे यशस्वी झाली, आजच्या प्रवासी विमानांचे पंख त्याच वाटेने आले. माझं आयुष्य गेलं ते तापलेल्या बाजूला, धातू आणि सिरॅमिकमध्ये. तिथे तंतूला वरून काही लावल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

सांगलीला आमच्या वाड्याच्या चौकात वर्षातून दोनदा कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता मारायचा, तांब्याचं पातेलं लाल होईस्तोवर तापवायचा. मग नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने आतून पुसायचा. पांढरा धूर उठायचा, नाकात चरचरायचं. त्यानंतरच कथलाची कांडी टेकवायची, आणि कथील क्षणात पातेलंभर पसरायचं. एकदा त्याने माझ्या हट्टाखातर नवसागर न लावता कांडी टेकवून दाखवली. कथलाचे मणी झाले आणि अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे इकडून तिकडे पळत राहिले. मी सहा-सात वर्षांची असेन. वितळलेला धातू पृष्ठभागाला ‘भिजवतो’ म्हणजे काय, हे मी तिथे पाहिलं. कॉलेजात त्याचं सूत्र मिळालं तेव्हा ते नवं वाटलंच नाही.

वितळलेलं ॲल्युमिनियम कार्बनच्या तंतूवर असंच मणी होऊन पळतं. ते 660 अंशांना वितळतं, पण कार्बनला नीट भिजवण्यासाठी 1000 अंशांच्या आसपास न्यावं लागतं. आणि इतकं तापवलं, की ते कार्बनशी नुसतं चिकटत नाही, त्याला खाऊ लागतं. ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं आणि तंतूच्या अंगाला खड्डे पाडतं. शिवाय दमट हवेत ते पाण्याशी प्रक्रिया करून मिथेन वायू सोडतं आणि कुजत जातं. एका टोकाला धातू तंतूला हात लावत नाही, दुसऱ्या टोकाला गिळतो. मधली जागा नैसर्गिकरीत्या नाहीच, ती कोटिंगने बनवावी लागते.

1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एरोस्पेस कॉर्पोरेशनमध्ये एक युक्ती निघाली. टायटॅनियम आणि बोरॉन यांच्या क्लोराइडची वाफ जस्ताच्या वाफेत मिसळून तंतूंच्या जुडीवरून सोडायची. तंतूवर टायटॅनियम आणि बोरॉनचा अतिपातळ थर बसतो, आणि त्याला ॲल्युमिनियम लगेच भिजवतं. ‘लगेच’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. त्या थराला हवा लागली की त्याचा गुण जातो, म्हणून जुडी भट्टीतून निघून हवेशी गाठ न पडता थेट वितळलेल्या धातूत शिरली पाहिजे. त्यामुळे साध्या ओतकामाच्या शेडमध्ये हे करणं शक्य नव्हतं. तिथल्याच हॉवर्ड कॅट्झमन यांनी ही अडचण दूर केली. तंतू सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगाच्या द्रावणातून ओढायचे, वाफेवर धरायचे, तापवायचे. अंगावर सिलिकाचा, म्हणजे साध्या काचेच्या जातीचा थर उरतो. तो हवेत टिकतो, गुंडाळून ठेवता येतो, आणि वितळलेलं मॅग्नेशियम त्याला आनंदाने भिजवतं. 1983 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. ज्या तंतूला हवेपासून लपवत न्यावं लागे, तो आता रिळावर गुंडाळून टपालाने पाठवता आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत शहाणं काम आहे, आणि कॅट्झमन यांचं नाव वर्गात मी कधी ऐकलं नाही.

सिलिकाचं कोटिंग मी स्वतः केलं ते 1990च्या दशकात, पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत. बाजारातून आलेल्या तंतूवर रेझिनसाठी लावलेला पातळ लेप असतो, तो आधी जाळून काढायचा. मग जुडी द्रावणातून जाते, तीन हजार तंतू पाण्यातल्या केसांसारखे सुटे होतात. भट्टीतून बाहेर आली की खिडकीशी धरून बघायचं. काळा तंतू निळा दिसला, जांभळा दिसला, पेट्रोलच्या तवंगासारखा रंग खेळला, तर थर बसला. रंग सगळीकडे सारखा असेल तर जाडीही सारखी. सूक्ष्मदर्शक होता, पण पहिला कौल आम्ही त्या रंगावरून द्यायचो. संध्याकाळी घरी हात धुतले की बेसिनमध्ये काळं पाणी जायचं, आणि मनगटावर बारीक तुकड्यांची खाज रात्रभर राहायची. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून उडालेले तंतू वजनकाट्यात शिरून तोही बंद पडायचा.

आता सिरॅमिक. धातू निदान वाकतो, सिरॅमिक वाकतच नाही. मग त्यात तंतू घालून मिळवायचं काय? आजोळी, साताऱ्याकडे, पांढऱ्या मातीच्या भिंती होत्या. माती मळताना आजी तीत गव्हाचं काड तोडून टाकायची. वाळलेल्या भिंतीवर बारीक तडे दिसत, पण भिंत ढासळत नसे. तड्यात नखाने उकरलं की काडाचं टोक दिसायचं, दोन्ही बाजूंना रुतलेलं. ओढलं तर ते थोडं सरकायचं, अडकत अडकत. त्या अडकत सरकण्यातच भिंतीची ताकद होती. काड मातीशी एकजीव झालं असतं, तर मातीबरोबर तेही मोडलं असतं.

कार्बन तंतू आणि कार्बनचाच भराव असा पदार्थ योगायोगाने मिळाला होता. 1958 मध्ये टेक्सासच्या चान्स व्हॉट कंपनीत फेनॉलिक रेझिनचा एक नमुना चाचणीत चुकून कोळसा झाला. फेकण्याआधी पाहिला, तर तो कोळसा भलताच मजबूत निघाला. पुढे फ्रान्समध्ये, बोर्दोला, रॉजर नास्लें आणि त्यांचे सहकारी कार्बन तंतूंमध्ये वायूमधून सिलिकॉन कार्बाइड भरू लागले. तापलेल्या भट्टीत मिथाइलट्रायक्लोरोसिलेनची वाफ हायड्रोजनबरोबर सोडायची, तंतूंच्या जाळीत सिलिकॉन कार्बाइड हळूहळू जमतं, आणि बाहेर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. एक नमुना भरायला दिवसच्या दिवस लागतात. बोर्दोच्या गटाचा मोठा धडा असा: सिरॅमिक भरण्याआधी तंतूवर मऊ, पापुद्र्यांच्या कार्बनचा थर द्या, मायक्रॉनच्या दशांशांतला. तडा आला की तो या पापुद्र्यांत वळेल. गॉर्डन-कुक यांचा एक पंचमांश इथे भट्टीत उतरला.

मला मात्र तो माझ्या हाताने शिकावा लागला. कार्बन हवेत चारशे-पाचशे अंशांपासून जळू लागतो, तेव्हा तंतूच्या अंगालगतच सिलिकॉन कार्बाइडचं जाड, भक्कम कोटिंग द्यावं, म्हणजे तो सुरक्षित राहील, असा माझा विचार होता. एक मायक्रॉनहून जाड थर दिला. जुडी भट्टीतून निघाली ती झाडूच्या काडीसारखी ताठ. तंतू एकमेकांना चिकटलेले, वाकवली तर टिक् आवाज. भराव करून पट्ट्या कापल्या, तीन बिंदूंवर वाकवण्याच्या चाचणीत लावल्या. आलेख सरळ रेषेत वर गेला आणि एका क्षणात शून्यावर पडला. आवाज काचेच्या बांगडीचा तुकडा पडावा तसा. खणातला दुसरा तुकडा तो.

मागचं कारण साधं आहे. कोटिंग बसतं हजार अंशांच्या आसपास. थंड होताना सिलिकॉन कार्बाइड आकसतं, पण कार्बन तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. मग कोटिंग ताणलं जातं आणि त्याला गोल गोल तडे पडतात, उसाच्या कांडीवरच्या पेरांसारखे. कोटिंग तंतूला घट्ट चिकटलेलं असल्याने प्रत्येक तडा तंतूच्या अंगावर कोयत्याची खाच होतो. थर जितका जाड, तितकी खाच खोल. संरक्षणासाठी दिलेलं जाड कोटिंगच तंतूला मोडतं. शिवाय त्या तड्यांतून हवाही आत जाते, म्हणजे संरक्षण हवं त्या तापमानालाच ते गळतं.

पुढच्या खेपेला आधी मिथेनमधून कार्बनचा पातळ थर दिला, मग सिलिकॉन कार्बाइड. त्या पट्टीचा आलेख वर गेला, डगमगला, पायऱ्या घेत घेत खाली आला. कितीतरी वेळ पट्टी मोडली तरी तुटेना. यंत्राजवळ आम्ही चौघं होतो, कुणीच बोललं नाही. तो पहिला तुकडा, केरसुणीचा.

सिलिकॉन कार्बाइडचं संरक्षक कोटिंग आकाशात वापरलं गेलं ते स्पेस शटलवर. नाकाचं टोक आणि पंखांच्या कडा कार्बन-कार्बनच्या होत्या, प्रत्येक पंखाला 22 पट्ट्या. परतीच्या प्रवासात तिथे सुमारे 1650 अंश तापमान होई. त्या करणारी कंपनी म्हणजे ती चान्स व्हॉटच, नाव बदललेली. पट्ट्या सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिनाच्या भुकटीत पुरून तापवत. वरचा अर्धा ते एक मिलिमीटर कार्बन स्वतःच सिलिकॉन कार्बाइड होई. म्हणजे वरून लावलेला लेप नव्हे, कातडीचंच रूपांतर. तरीही थंड होताना तडे पडतच. म्हणून आत सिलिकॉनचं द्रावण मुरवून सिलिका भरत, वरून सोडियम सिलिकेटची काच लावत, जी तापली की वितळून फटी बुजवी. 1992 मध्ये कोलंबिया या शटलच्या पट्ट्यांवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली. कारण शोधता शोधता ते प्रक्षेपणमंचाच्या रंगापर्यंत पोचलं. त्या रंगातलं जस्ताचं ऑक्साइड पावसाने धुपून पट्ट्यांवर पडत होतं आणि तापल्यावर काच खात होतं. एका जस्ताच्या वाफेने ॲल्युमिनियमला तंतू धरायला मदत केली होती. दुसऱ्या जस्ताने इथे छिद्रं पाडली.

तेच कोलंबिया 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोसळलं, कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणानंतर 81.7 सेकंदांनी फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. चौकशीने अपघाताचं कारण म्हणून या आघाताकडेच बोट दाखवलं. जुलैमध्ये टेक्सासात तसाच फोमचा तुकडा आठव्या क्रमांकाच्या पट्टीवर मारला, तेव्हा तिला सुमारे 40 सेंटिमीटरचं भोक पडलं. ती चित्रफीत मी प्रयोगशाळेत पाहिली आणि त्या दिवशी माझ्याकडून दुसरं काही काम झालं नाही. उष्णतेसाठी बनवलेला पदार्थ आघातासाठी बनवलेला नसतो, हे आम्ही सगळे जाणत होतो.

आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बनचं नॉझल केलं, त्यावर सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंग. महेंद्रगिरीला 19 मार्च 2024 रोजी 60 सेकंद आणि 2 एप्रिलला 200 सेकंद ते पेटवून पाहिलं. आधीच्या कोलंबियम, म्हणजे निओबियमच्या मिश्रधातूच्या नॉझलपेक्षा वजन 67 टक्के कमी, त्यामुळे रॉकेटला 15 किलो जास्त भार नेता येईल. बातमीत 15 किलो मोठ्या अक्षरात होते. माझी नजर ‘कोटिंग’ या एका शब्दावर थांबली.

या धंद्यात आता अनेक मराठी मुलं-मुली आहेत, पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात. त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. चाचणी झाली की आलेख सगळे जपतात आणि तुकडे कचऱ्यात टाकतात. तसं करू नका. तुटलेलं टोक कापसात गुंडाळा, डबीवर तारीख, भट्टीचं तापमान आणि थराची जाडी लिहा, आणि जो तुकडा सपाट तुटला असेल तो आधी ठेवा.